पानाखालचो

आमच्या ऑफिसात 'ब्लॅकवॉटर' म्हणजे संडासाचं पाणी. अंघोळीचं आणि बेसिनचं ते ग्रे, आणि संडासाचं ते ब्लॅक. दोह्याबाहेरच्या एका सांडपाणी प्रकल्पाच्या लॅबमध्ये मी गेली चौदा वर्षं काम करते. रोज सकाळी बाटल्यांतून येणारा हा ऐवज सूक्ष्मदर्शकाखाली घालायचा, त्यात कोण जिवंत आहे, कोण मेलंय, कोणाची संख्या वाढलीय हे ओळखायचं आणि रिपोर्ट पाठवायचा. साफ झालेलं पाणी पुढे शहरातल्या बागांना जातं. शुक्रवारी त्या हिरवळीवर चादर पसरून बिर्याणी खाणाऱ्या ओळखीच्या लोकांना मी हे कधी सांगत नाही.

त्यामुळे नवऱ्याचा पुण्याचा मित्र अल अझीझियातल्या आपल्या व्हिलात मला चहा देता देता, "वहिनी, मी हॉलमध्ये ब्लॅकवॉटर ठेवलंय, बघायचंय?" असं म्हणाला, तेव्हा मी कप खाली ठेवला. त्याची बायको शेजारी बसून शांतपणे चकली खात होती. मला वाटलं, या दोघांना काहीतरी झालंय.

हॉलमध्ये चार फुटांची काचेची टाकी होती. आत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी, एक काळं पडलेलं लाकूड आणि तळाशी कुजकी पानं. उष्ण प्रदेशातल्या जंगलांत पानं कुजून ओढ्यांचं पाणी असं काळपट होतं आणि त्यात अगदी बारके, दुर्मीळ मासे राहतात, त्याची ही हुबेहूब नक्कल आहे, असं त्याने मला समजावलं. पाणी थंड ठेवायला खाली एक यंत्र घरघरत होतं. पानं कुरिअरने यायची. त्याने पाकीट दाखवलं. आत देशी बदामाची वाळकी पानं, दहा नग, वर छापील माहिती. आमच्या मागच्या अंगणात जी पानं झाडून आई कंटाळायची, ती इथे प्लास्टिकमध्ये बंद होऊन वाळवंटात आली होती. मैल्याची मला किळस येत नाही, तो माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. त्या पाकिटाची मात्र आली.

मग मासे दिसले, आणि मी किळस विसरले. एकेक जेमतेम नखाएवढा. त्याने सांगितलं, सगळे एकाच जातीचे आहेत. मी गुडघ्यावर बसून दहा मिनिटं पाहिलं आणि म्हटलं, "भावजी, हे दोन वेगळे आहेत. त्याचं तोंड वर वळलेलं आहे, याचं सरळ आहे. आणि शेपटीच्या मुळाशी याला ठिपका आहे, त्याला पट्टा." त्याने जाडजूड पुस्तक काढलं, पानं उलटली आणि माझ्याकडे असं पाहिलं की नवऱ्यानेही लग्नानंतर तसं कधी पाहिलं नसेल.

दुसऱ्याच दिवशी त्याने मला त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं. इथले, मलेशियातले, युरोपातले असे कुठले कुठले लोक. कोणी जंगलातल्या ओढ्याचा फोटो टाकायचा, आणि बाकीच्यांनी मासा ओळखायचा, झाड ओळखायचं. जागा सांगायची नाही असा नियम होता. मला ते चांगलं जमायचं. रंगावर जाऊ नका, मी सांगायचे, रंग घाबरल्यावर बदलतो, मेल्यावर तर बदलतोच. परांमधले काटे मोजा, डोळ्याचा आकार बघा. मासा धूसर असेल तर कडेच्या झाडाकडे बघा. अशा पाण्यात उगवणाऱ्या दोन रानटी झाडांची पानं एकसारखी दिसतात, पण नवं पान उघडताना एकाच्या दोन्ही कडा आत वळलेल्या असतात, दुसऱ्याचं पान एका बाजूने सुरळीसारखं गुंडाळलेलं असतं. झाड कळलं की मुलूख कळतो, आणि मुलूख कळला की मासा निम्मा कळतो. हे मी लोकांना फुकट शिकवलं. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

पण तेव्हा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. घरी माझ्या कामाबद्दल कोणी विचारत नाही. मी जेवताना चुकून एखाद्या जंताचं कौतुक केलं की मुलगी ताट घेऊन उठते आणि म्हणते, "सो ग्रॉस, आई." मराठी तिला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतच येतं. आणि इथे ग्रुपवर परदेशातले एक टक्कल पडलेले गृहस्थ मला मॅडम म्हणून विचारत होते. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला शिडीसुद्धा लागली नाही.

एका शुक्रवारी भावजींनी आम्हाला सूक वाकिफच्या जुन्या बाजारात नेलं, पशुपक्ष्यांच्या गल्लीत. गुलाबी आणि हिरव्या रंगात बुडवलेली कोंबडीची पिल्लं, एकमेकांवर चढलेली कासवं, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेला ससा. वास असा की माझ्या लॅबला अत्तराचं दुकान म्हणावं. एका दुकानदाराने पिशवीत मासे दाखवले. पाण्यात विष्ठेचे धागे तरंगत होते, तीन मेलेले, बाकीचे वर येऊन तोंड उघडत होते. "जंगलका माल है मॅडम, एकदम फ्रेश," तो म्हणाला. मला शिसारी आली. भावजींनी मात्र वाकून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "वहिनी, ओरिजिनल आहेत ना? ब्रीड केलेले नकोत, त्यात मजा नाही." त्याच वेळी मला कळायला हवं होतं. आणि मला कळलंही होतं. तरी मी पिशवी उजेडात धरली आणि सांगितलं, हो, रानातलेच आहेत, त्यांचे पर झिजलेले नाहीत. त्यांनी पिशवी घेतली.

मे महिन्यात मी गावी गेले, आजोळी, सिंधुदुर्गात. आई गेल्यापासून तिथे मामाच आहे, आईचा धाकटा भाऊ. वय सत्तरच्या पुढे, लग्न केलं नाही, काजूची थोडी झाडं आणि देवाच्या राईवर लक्ष ठेवायचं काम त्याने आपणहून घेतलेलं. राई म्हणजे वाडीच्या टोकाला राखलेलं रान. तिथून सुकी काटकीसुद्धा आणायची नाही, अशी देवाची आज्ञा. त्यामुळे मधून वाहणाऱ्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, शेकडो वर्षांची पानं पडून पडून पाणी कायम चहासारखं. लहानपणी आम्ही त्याला घाण पाणी म्हणायचो आणि मामा रागवायचा.

तोच मला तिथे कातळावर पालथं झोपवायचा. "हालू नको गो. तो वर येतलो श्वास घेवक." बराच वेळ काही दिसायचं नाही. मग एका पानाच्या कडेखालून करंगळीच्या पेराएवढा तपकिरी मासा निघायचा, पाण्याच्या वर तोंड काढून हवेचा एक घोट घ्यायचा आणि पुन्हा पानाखाली. ऊन तिरकं असलं तर त्याच्या पराच्या काठावर निळी रेघ चमकायची. पानाला आतून फेसाचं बारकं घरटं चिकटवायचा आणि त्यात अंडी राखत बसायचा. वाडीतले लोक त्याला 'पानाखालचो' म्हणायचे. वाडीच्या बाहेर हे नाव कोणाला ठाऊक नव्हतं. शेजारच्या गावात तो नुसता बारीक मासा, मोजदादीत नसलेला.

या मे महिन्यात मी त्याच कातळावर पालथी झाले, पन्नाशीच्या गुडघ्यांसकट, आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढला. चांगला आला. परत आल्यावर ग्रुपवर टाकला. जागा लिहिली नाही. मला एवढंच हवं होतं की एकदा सगळ्यांनी माझ्या माशाला तोंडात बोट घालून पाहावं.

कोणी बोट घातलं नाही. एकाने लिहिलं, बोर्निओ. दुसऱ्याने लिहिलं, साधाच दिसतोय. आणि टक्कलवाल्या गृहस्थांनी निर्णय दिला की हा घरच्या टाकीतला फोटो आहे, रानातलं पाणी इतकं नीटनेटकं नसतं. माझं डोकं फिरलं. ज्या पाण्यात माझ्या आईने पाय बुडवले, त्याला हा मनुष्य टाकी म्हणतो. मी ताडकन लिहिलं की फोटो माझ्या आईच्या गावचा आहे, कोपऱ्यातलं झाड बघा म्हणजे मुलूख कळेल, आणि आमच्या वाडीत या माशाला 'पानाखालचो' म्हणतात, तुमच्या पुस्तकात नसला तर पुस्तक बदला. उचलली जीभ लावली टाळ्याला. मग अंगठे आले, टाळ्या आल्या, टक्कलवाल्यांनी माफीही मागितली. मी दोन दिवस तरंगत होते.

भावजींचा फोन आला. "काय वहिनी, छुपे रुस्तम. आम्हाला कधी बोलला नाहीत. पानाखालचो, व्वा. तो 'चो' काय गोड आहे हो." मग सहज विचारावं तसं, "एक्झॅक्ट स्पॉट कुठला?" मी म्हटलं, तो नाही सांगणार. मला फार तत्त्वाची बाई असल्यासारखं वाटलं. आजोळचं गाव त्यांना ठाऊक होतंच. दर वर्षी तिथली कोकमं मीच त्यांच्या घरी पोचवते, आणि गावाचं नाव सांगितल्याशिवाय मी कोणाला कोकमं देत नाही.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी दुपारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. "सरप्राइज आहे वहिनी, यल्ला, लवकर या." त्यांचा साडू आदल्या दिवशी गोव्याहून विमानाने आला होता, आणि थकून वर झोपला होता. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर लोणच्याच्या सहा बरण्या. त्या काढताना बॅगेतलं कुळथाचं पीठही बाहेर आलं होतं, ते बाजूला पडलं होतं. "ओळखा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा दिवाळीतल्या लहान मुलासारखा झाला होता.

ओळखायला काय लागतंय. झाकण उघडल्यावर आधी वास आला. पाणी गढूळ दुधाळ झालेलं, आणि वर पांढरे पडलेले मासे आडवे. पर विरघळायला लागलेले, डोळे धुरकट. मी नाक दाबलं, मी, जी चौदा वर्षं काय हुंगते हे वर लिहिलंच आहे. बरण्या काठोकाठ भरलेल्या होत्या. प्रवासात पाणी हिंदकळू नये, बॅग भिजू नये, म्हणून साडूने झाकणापर्यंत पाणी भरून वर सेलोटेप लावली होती. लोणच्यावर जसं काठोकाठ तेल ठेवतात, तसं.

"हे बुडून मेलेत," मी म्हटलं.

ते हसले. "मासा बुडतो होय वहिनी?"

"हा बुडतो. हा वर येऊन हवा पितो. तुम्ही वर हवाच ठेवली नाहीत."

क्षणभर ते वरमले. खरंच वरमले, माणूस वाईट नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. मग म्हणाले, "अरेरे. खलास, नेक्स्ट टाइम अर्ध्याच भरायला सांगतो." नेक्स्ट टाइम. ते मला समजावत होते की हे सगळं माझ्यासाठीच केलं, मला गावची आठवण येते म्हणून, साडू सावंतवाडीला असतो, त्याने पूर्ण एक दिवस घातला, चार माणसं लावली. "गावात गेला आणि तुमचं नाव विचारलं, म्हणजे माशाचं हो. लगेच जागा मिळाली. लोक किती हेल्पफुल आहेत तुमच्याकडे." त्यांची बायको आतून विचारत होती की भात टाकू का.

सहापैकी एका बरणीचं झाकण नीट बसलं नव्हतं. ती वाटेत गळली होती, अर्धी रिकामी झाली होती, साडूच्या शर्टांना डाग पडले होते. तिच्यात दोन जिवंत होते. ते टाकीत सोडले. ते पानाखाली गेले, कुरिअरने आलेल्या. मेलेले मी टिश्यू पेपरवर एकेक ओळीने ठेवले. एकतीस भरले. त्यांत पोटात अंडी असलेल्या माद्या ओळखायला मला दाबून पाहायची गरज नव्हती, त्या दिसत होत्या. भावजींनी हे सगळं आदराने पाहिलं, त्यांना वाटलं मी ओळख पटवतेय. मग विचारलं, "टाकीवर बोर्ड लावतोय, नाव काय लिहू? तेच लिहू ना, मालवणीतलं?"

मी जेवले नाही. नवरा म्हणाला, निदान दोन घास खा, वाईट दिसतं. मी टाकीसमोर मोबाइलचा दिवा धरून बसले. दोघं बाहेर यायला अर्धा तास लागला. एक आला, त्याचा पाठीवरचा पर टोकाला लांब, काठावर निळी रेघ. दुसरा आला. त्याचाही पर टोकदार, त्यालाही रेघ. मी पुन्हा पाहिलं. दोन्ही नर होते.

घरी येऊन मी हात धुतले, पुन्हा धुतले. मला त्यांची घृणा वाटत होती, त्यांच्या हौसेची, त्या घरघरणाऱ्या यंत्राची, 'व्वा'ची, नेक्स्ट टाइमची. आणि हात कितीही धुतले तरी ज्या हाताने मी तो शब्द टाइप केला होता, तो माझाच होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोणाला चावणार.

संध्याकाळी मामाचा फोन आला. तो सहसा करत नाही.

"राई उघडी पडली गो," तो म्हणाला. आवाज बसलेला होता. "चार दिस झाले. तुका सांगूचा की नको, ह्या कळाक नाय."

मग त्याने सगळं सांगितलं. गाडी घेऊन पाच जण आले. सुरुवातीला जाळ्या टाकल्या, पण पानाखालचा मासा जाळीत येतो थोडाच. मग त्यांनी फावडी काढली आणि व्हाळातली सगळी पानं उपसून काठावर टाकली, खालपासून वरपर्यंत, रेती दिसेपर्यंत. उघड्यावर पडलेले मासे गाळणीने वेचले. वाडीतल्या लोकांना वाटलं, स्वच्छतावाले आले. पंचायतीच्या एकाने फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला, वर हात जोडल्याची चित्रं. कधी नव्हे तो व्हाळ लख्ख झाला म्हणून लोक बघायला येत होते.

"तू थांबवलं नाहीस?" मी विचारलं. विचारता विचारताच मला उत्तर नको होतं.

"मीच दाखयलंय तेंका," मामा म्हणाला. "माका इचारल्यानी, काका, पानाखालचो खंय गावता? नाव म्हायत म्हणजे आपलेच कोणतरी, आपल्या वाडीच्या लेकीबाळींचे, म्हणान मीच वाट दाखयलंय. चाय पण दिलंय तेंका. मगे काजूक पाणी घालूक गेलंय. इलंय तर सगळा झालेला." मग म्हणाला, "तुझ्या वळखीचे नाय मा ते?"

मला 'नाय' म्हणता आलं असतं. त्याने विश्वास ठेवला असता.

"नाव मीच सांगलंय, मामा."

"कित्याक गो?"

"मिरवूक."

तिकडे कुत्रं भुंकत होतं, त्याला त्याने गप्प केलं. तो रागावेल याची मी वाट पाहत होते. लहानपणी पाण्याला घाण म्हटल्यावर रागवायचा तसा रागावला असता तर बरं झालं असतं.

"जे थंय इले, त्यातले कोण जिते आसत?" त्याने विचारलं.

"दोन आसत."

"जोडी आसा?"

मी दुपारी अर्धा तास दिवा धरून बसले होते. माझ्याइतकं खात्रीने ते सांगणारं दोह्यात दुसरं कोणी नव्हतं.

"आसा," मी म्हटलं.

"मगे मे म्हयन्यात येताना घेवन ये," मामा म्हणाला, आणि त्याचा आवाज थोडा मोकळा झाला. "काठावरची पानां अजून कुजाक नाय. मी उद्यापासून परत व्हाळात टाकूक लागतंय, वायच वायच. तवसर तेंका घर होयत."